१७२ गाठी आणि एक बाण

मागच्या पावसाळ्यात आम्ही बाहेर पाठवलेला एक ब्लॉक, म्हणजे गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, परत आला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा पेशंट, लिव्हरमध्ये पसरलेला, ऑन्कोलॉजिस्टना केरॅस टेस्ट (रॅस जातीच्या केरॅस या जीनमध्ये बिघाड आहे का ते बघायची) हवी होती, आम्ही ब्लॉक काढून कुरिअर केला आणि आठ-दहा दिवसांनी तिकडून उत्तर काय, तर ट्युमरचं प्रमाण अपुरं, दुसरा ब्लॉक पाठवा. पेशंटचा मुलगा रोज काउंटरवर येऊन विचारायचा, त्याला काय सांगणार, की बाबा रे, एवढी मोठी गाठ काढली, ती बाटलीत आहे, पण आम्ही पाठवलेल्या तुकड्यात गाठच कमी होती? चूक आमचीच, म्हणजे खरं तर माझीच. घाईत मी कडेचा ब्लॉक उचलला होता, त्यात निम्म्याहून जास्त स्नायू आणि नॉर्मल म्युकोझा, म्हणजे आतड्याचं अस्तर. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम फार बोलल्या नाहीत. संध्याकाळी एका जुन्या पेपरची प्रिंट माझ्या मायक्रोटोमशेजारी (पातळ काप काढायचं यंत्र) आणून ठेवली आणि म्हणाल्या, "वाच हे. आधी मेथड्स वाच, रिझल्ट नंतर."

मी हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे, पेपर वाचायची फारशी सवय नाही, पण हा दोन-तीनदा वाचला आणि मग त्याच्या पुढेमागे काय काय झालं तेही शोधत बसले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते. लांबलंय, आधीच सांगते.

पेपर १ सप्टेंबर १९८८ चा, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला. पहिलं नाव बर्ट वोगेलस्टाइन, जागा बाल्टिमोरमधलं जॉन्स हॉपकिन्स. हे नाव तोपर्यंत मला एका चित्रामुळे माहीत होतं, कुठल्याही सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या शिक्षणाच्या कार्यक्रमाला, जा, कोलन कॅन्सरचं लेक्चर असलं की ते चित्र येतंच, डावीकडे नॉर्मल आतडं, उजवीकडे कॅन्सर, मधे पॉलिप (अस्तरावरची वाढ) लहानाचा मोठा होत जातो आणि प्रत्येक बाणाच्या डोक्यावर एकेक जीन लिहिलेलं. त्याला लोक वोगेलग्रॅमच म्हणतात. मला वाटायचं कुणीतरी एक गाठ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितली असणार आणि मग हे चित्र काढलं असणार. तसं काहीच नाहीये, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी गंमत तीच आहे.

वोगेलस्टाइन मुळात गणिताचे विद्यार्थी, मग मेडिकल, मग लहान मुलांचे डॉक्टर. इंटर्न असताना त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या काही पेशंटपैकी एक चार वर्षांची ल्युकेमियाची मुलगी होती, तिचे वडील गणितज्ञ, त्यांनी विचारलं माझ्याच मुलीला का, आणि यांच्याकडे उत्तर नव्हतं. ही गोष्ट ते स्वतः मुलाखतींत सांगत आलेत. १९७८ पासून ते हॉपकिन्सलाच आहेत.

पण लहान मुलांचा डॉक्टर मोठ्या आतड्याकडे कसा वळला? कारण अगदी व्यवहारी आहे. मेंदूची गाठ किंवा पॅनक्रियाची गाठ तुमच्या हातात येते तेव्हा ती आधीच पूर्ण वाढलेली असते, तिचं बालपण कुणी बघितलेलंच नसतं. आतड्याचं तसं नाही. पॉलिप अर्ध्या सेंटिमीटरचा असतानाही काढला जातो, दोन सेंटिमीटरचा झाल्यावरही, आत कुठेतरी कॅन्सरचा ठिपका पडलेला असतानाही, आणि पूर्ण कॅन्सर झाल्यावर तर काढतातच. म्हणजे सगळ्या वयाच्या गाठी ऑपरेशन थिएटरमधून आयत्या मिळतात. पॉलिपचाच पुढे कॅन्सर होतो हे लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या मॉर्सन वगैरे पॅथॉलॉजिस्टनी १९७५ च्या सुमाराला स्लाइडी बघून बघूनच मांडलेलं होतं, नुसता मायक्रोस्कोप, बाकी काही नाही. प्रश्न एवढाच उरला होता की या प्रवासात पेशीच्या आत, डीएनएमध्ये नेमकं काय काय बिघडत जातं.

आता त्या १७२ गाठी. ४० अ‍ॅडिनोमा (पॉलिपची कॅन्सरकडे जाऊ शकणारी जात) एफएपीच्या ७ पेशंटचे, हा घराण्यात चालणारा आजार, यात आतड्यात शेकडो-हजारो पॉलिप येतात आणि ते बहुतेक अगदी सुरुवातीचे असतात. आणखी ४० अ‍ॅडिनोमा एफएपी नसलेल्या ३३ पेशंटचे, त्यातल्या १९ मध्ये कॅन्सरचा ठिपका नाही, २१ मध्ये आहे. आणि ९२ कार्सिनोमा, म्हणजे पूर्ण कॅन्सर, ८९ पेशंटचे. हा हिशोब वाचताना मला आमचं रजिस्टरच डोळ्यासमोर आलं. कुणीतरी प्रत्येक बाटलीवर लेबल लावलं असेल, साइझ मोजला असेल, ग्रॉसिंग केलं असेल, पॉलिपची दांडी कुठे, टोक कुठे हे लिहिलं असेल. लेखकांमध्ये स्टॅनली हॅमिल्टन हे पॅथॉलॉजिस्ट आहेत आणि त्यांचं नाव तिसरं आहे, अशा पेपरमध्ये पॅथॉलॉजिस्टचं नाव इतकं वर फार कमी वेळा दिसतं.

मॅडमनी मेथड्स आधी वाचायला का सांगितलं ते इथे कळलं. गाठ म्हणजे काही नुसत्या कॅन्सरच्या पेशी नसतात, मधे रक्तवाहिन्या असतात, सुजेच्या पेशी असतात, तंतू असतात, शेजारचं नॉर्मल आतडं असतं. हे सगळं एकत्र दळून डीएनए काढला तर तो खिचडीचा डीएनए. म्हणून या लोकांनी तुकडा गोठवून क्रायोस्टॅटवर, म्हणजे थंड पेटीतल्या मायक्रोटोमवर, लावला, एक पातळ सेक्शन काढायचं, रंगवायचं, मायक्रोस्कोपखाली बघायचं की गाठीच्या पेशी कुठल्या भागात दाटीने आहेत, मग ब्लेडने नको असलेला भाग छाटायचा, उरलेल्यातून पुढची सेक्शन घ्यायची, मधेच पुन्हा एक रंगवून खात्री करायची की अजून गाठीतच आहोत ना, भरकटलो तर नाही. ज्याने क्रायोस्टॅटवर काम केलंय त्याला माहीत आहे, बोटं गारठतात, सेक्शन गुंडाळी होऊन ब्लेडला चिकटतं, ब्रशने सोडवायला जावं तर फाटतं. हे १७२ वेळा. जगप्रसिद्ध संशोधन म्हटलं की लोकांना मोठी मशिनं दिसतात, मला हा छाटायचा भागच जास्त महत्त्वाचा वाटला आणि अजूनही वाटतो.

का महत्त्वाचा ते सांगते. आपल्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती, एक आईकडून एक बापाकडून. त्या दोन प्रतींमध्ये एखाद्या ठिकाणी फरक असेल तर सदर्न ब्लॉट नावाच्या चाचणीत फिल्मवर दोन वेगवेगळ्या उंचीवर दोन काळे पट्टे दिसतात, म्हणजे बँड. पेशंटच्या नॉर्मल पेशींत दोन बँड, आणि त्याच्याच गाठीत एकच बँड, याचा अर्थ गाठीने ती एक प्रत हरवलीय. आता समजा तुकड्यात निम्म्या पेशी नॉर्मल आल्या, तर त्या नॉर्मल पेशी हरवलेला बँड परत आणून देतात, पूर्ण नाही, दुसऱ्या बँडच्या निम्मा गडद. मग फिल्म उजेडाकडे धरून दोन माणसं वाद घालणार, हा फिका आहे का, का सॅम्पलच कमी घातलं गेलंय. नॉर्मल पेशी पाचात एकच असेल तर तोच बँड पाचव्या हिश्शावर येतो आणि वाद होत नाही. त्याच डीएनएमध्ये रॅस नावाच्या जीनमधला एका अक्षराचा बदलही शोधला, त्यासाठी हॉलंडमधले योहानेस बॉस यांची टीम होती, आणि गुणसूत्र ओळखायचे प्रोब यूटाहमधल्या रे व्हाइट आणि युसुके नाकामुरा यांच्या गटाकडचे.

मग निकाल. रॅसमधला बदल एक सेंटिमीटरपेक्षा लहान अ‍ॅडिनोमात फक्त ९ टक्क्यांत, एक सेंटिमीटरपेक्षा मोठ्यात ५८ टक्क्यांत, कार्सिनोमात ४७ टक्क्यांत. अठराव्या गुणसूत्राचा एक भाग सुरुवातीच्या अ‍ॅडिनोमात ११ ते १३ टक्के वेळाच गायब, पुढे गेलेल्या अ‍ॅडिनोमात ४७ टक्के, कार्सिनोमात ७३ टक्के. सतराव्याचा भाग कार्सिनोमात ७५ टक्के आणि त्याआधी सहसा जातच नाही. पाचव्याचा भाग एफएपी नसलेल्या लोकांच्या गाठींमध्ये २९ ते ३५ टक्के वेळा गायब, अ‍ॅडिनोमा असो की कार्सिनोमा, जवळपास सारखंच. आणि एफएपीवाल्यांच्या अ‍ॅडिनोमात पाचवं गुणसूत्र जागच्या जागी. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आकडे बघितले की जिना दिसतो हे खरंय. पण नीट बघा, यातली एकही गाठ दोनदा बघितलेली नाही. प्रत्येक गाठ एकदाच कापली, एकदाच मोजली. शाळेत एका दिवशी जाऊन बालवाडीपासून दहावीपर्यंत सगळ्या वर्गांचा फोटो काढला आणि म्हटलं की मूल असं असं उंच होत जातं, तर ते बहुतेक बरोबरच असेल, पण तुम्ही कुठलंही एक मूल मोठं होताना बघितलेलं नाही. शिवाय बालवाडीतली सगळी मुलं दहावीपर्यंत पोचत नाहीत. बहुतेक पॉलिपचा कॅन्सर होतच नाही, आणि काढून टाकलेल्या पॉलिपचं पुढे काय झालं असतं हे कुणालाच कधी कळणार नाही. रॅसचंच घ्या, कार्सिनोमात ४७ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त कॅन्सर त्या पायरीवर पाय न ठेवताच वर पोचले होते. हे पहिल्याच पेपरच्या आकड्यात उघड आहे, लपवलेलं नाही.

१९९० मध्ये एरिक फिअरन आणि वोगेलस्टाइन यांनी सेल या जर्नलमध्ये हा सगळा विचार एकत्र मांडला आणि ते बाणांचं चित्र जगभर गेलं. फिअरन तेव्हा नुकताच शिक्षणातून बाहेर पडत होता. त्या लेखात स्पष्ट म्हटलंय की बदल कुठल्या क्रमाने होतात यापेक्षा किती बदल साठतात हे जास्त महत्त्वाचं, क्रम हा बहुतेक वेळा दिसणारा कल आहे, नियम नाही. पण चित्रात बाण आहे आणि बाण म्हटला की क्रम आलाच. वाक्य कुणी वाचत नाही, चित्र सगळे बघतात. मीही तेच केलं होतं की.

आता एकेका पायरीचं पुढे काय झालं, आणि इथे प्रकरण खरं रंगतं.

सतराव्यापासून सुरू करते. ७५ टक्के कॅन्सरमध्ये सतराव्याचा एक भाग जातो, म्हणजे तिथे काहीतरी ब्रेकसारखं जीन असणार जे गेल्यावर गाडी सुटते. सुझान बेकर नावाच्या विद्यार्थिनीकडे ते शोधायचं काम होतं. त्या भागात पी५३ नावाचं जीन आहे हे माहीत होतं, पण पी५३ तर सगळ्यांच्या मते अ‍ॅक्सिलरेटर होता, १९७९ ला सापडल्यापासून तसाच समजला जायचा, म्हणजे त्याचा यात संबंध असायचं कारण नाही, तरी एकदा यादीतून खोडून टाकू म्हणून तपासला. ज्या दोन गाठींमध्ये एक प्रत गेलेली होती त्यांच्यात उरलेली प्रत वाचली तर ती दोन्हींमध्ये बिघडलेली, एकीत १४३ व्या जागी, दुसरीत १७५ व्या. एक प्रत हरवलेली आणि दुसरी खराब, हे तर ब्रेकचं लक्षण. एप्रिल १९८९ मध्ये सायन्समध्ये छापून आलं. मागाहून कळलं की आधीच्या दहा वर्षांत लॅबांमध्ये जे पी५३ चे क्लोन, म्हणजे जीनच्या प्रती, वापरले जात होते त्यातले बरेचसे मुळातच म्युटेशन (अक्षरांतला बिघाड) असलेले होते, म्हणून ते अ‍ॅक्सिलरेटरसारखे वागायचे. प्रिन्स्टनला आर्नल्ड लेव्हाइन यांच्या लॅबनेही त्याच वर्षी हे दाखवलं. दहा वर्षं सगळे खराब सॅम्पलवरून नॉर्मलचं वर्णन करत होते! ब्लॉक चुकवल्याबद्दल त्या दिवशी मला जरा बरं वाटलं ते हे वाचून.

अठराव्याची गोष्ट अशी गोड नाही. तिथेही जीन शोधलं, १९९० मध्ये सापडलं, नाव ठेवलं डीसीसी, म्हणजे कोलोरेक्टल कॅन्सरमध्ये गायब होणारं, आणि ते चित्रातल्या बाणावर जाऊन बसलं. जीन अवाढव्य, त्यामुळे त्यात म्युटेशन शोधणंच कठीण. १९९६ मध्ये दोन गोष्टी झाल्या. एक, डीसीसी हा नेट्रिनचा रिसेप्टर निघाला, म्हणजे गर्भात नर्व्हच्या तंतूंना कुठल्या दिशेने वाढायचं हे सांगणाऱ्या रेणूचा. आतड्याच्या कॅन्सरचं म्हणून नाव ठेवलेलं जीन, आणि काम मज्जातंतूंना वाट दाखवायचं. दुसरी, त्याच अठराव्यावर जवळच आणखी एक जीन सापडलं, पॅनक्रियाच्या कॅन्सरमध्ये, त्याला आता स्मॅड४ म्हणतात, आणि ते शोधणारे स्कॉट कर्न हे १९८८ च्या मूळ पेपरचे चौथे लेखक. अठराव्याचा तुकडा जातो हे मोजमाप पक्कं होतं, पण त्या तुकड्यातलं कुठलं जीन गेल्यामुळे फरक पडतो हे ओळखताना नेम हुकला किंवा निदान अर्धवट लागला. डीसीसीवर अजून वाद चालू आहे, स्मॅड४ वर नाही. आणि तरी बऱ्याच लेक्चरमध्ये त्या बाणावर अजून डीसीसीच लिहिलेलं असतं, जुनी स्लाइड कोण बदलतंय.

आणि पाचवं. एफएपीचं जीन पाचव्यावर असणार याचा पहिला धागा बफेलोच्या एका पेशंटमधून मिळाला होता, १९८६ मध्ये, त्याच्या पाचव्या गुणसूत्राचा तुकडाच जन्मापासून नव्हता आणि त्याला पॉलिप होते. १९९१ च्या ऑगस्टमध्ये ते जीन सापडलं, एपीसी, एकीकडे वोगेलस्टाइन, केनेथ किन्झलर आणि तोपर्यंत टोकियोला गेलेले नाकामुरा, दुसरीकडे यूटाहचे व्हाइट, दोघांनी वेगवेगळं आणि एकाच महिन्यात छापलं. पण १९८८ चं कोडं तसंच होतं. एफएपीवाल्यांना एक प्रत जन्मतः खराब मिळते, मग नडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या कॅन्सरवरून सांगितलं होतं त्याप्रमाणे पॉलिप व्हायला दुसरी प्रतही जायला हवी, आणि यांच्या पॉलिपमध्ये तर पाचवं शाबूत दिसत होतं. उत्तर नंतर मिळालं ते असं की दुसरी प्रत जात होतीच, पण मोठा तुकडा उडून नाही, एक-दोन अक्षरांच्या चुकीने, आणि बँड मोजण्याच्या चाचणीला एवढी बारीक चूक दिसतच नाही. फूटपट्टीने केसाची जाडी मोजायला गेल्यासारखं. १९९२ मध्ये एपीसीची अक्षरं प्रत्यक्ष वाचली तेव्हा कार्सिनोमात ६० टक्के आणि अ‍ॅडिनोमात ६३ टक्के म्युटेशन निघालं, अगदी अर्ध्या सेंटिमीटरच्या पॉलिपमध्येसुद्धा. तेव्हा कुठे एपीसी जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर पक्कं झालं.

यावरून क्रमाचा मुद्दाही जरा फिरला. रॅसचा बदल एकटाच आधी आला, एपीसी शाबूत असताना, तर जे होतं ते फारसं पुढे जात नाही. आतड्याच्या अस्तरात सूक्ष्म वेडेवाकडे पुंजके दिसतात, त्यातल्या डिस्प्लेसिया, म्हणजे कॅन्सरकडे झुकलेला बिघाड, नसलेल्यांमध्ये रॅसचा बदल सर्रास असतो हे त्याच लॅबने १९९४ मध्ये दाखवलं, आणि ते बहुतेक तिथेच राहतात. म्हणजे "क्रम महत्त्वाचा नाही" हे १९९० चं वाक्यही पूर्ण बरोबर नव्हतं, निदान पहिल्या पायरीपुरता क्रम लागतो. त्यांनीच केलेल्या विधानाला त्यांनीच दुरुस्ती जोडली, यात मला काही वावगं वाटत नाही.

बाहेरच्यांनी काढलेला दोषही आहे. स्कॉटलंडच्या डंडीमध्ये २००२ साली १०६ गाठी तपासल्या, एपीसी, केरॅस, पी५३, तिन्ही. तिन्हींमध्ये एकत्र बदल असलेल्या गाठी किती? ६.६ टक्के. फक्त एकातच बदल असलेल्या ३८.७ टक्के. म्हणजे पुस्तकातला तो सरळ जिना चढून गेलेला पेशंट दर पंधरात जेमतेम एक. काही लोकांनी यावरून मॉडेलच मोडीत काढलं, ते मला पटत नाही, कारण मूळ लेखात हेच नाव हवं असं नव्हतंच, पण लेक्चर देणाऱ्यांना हा आकडा दाखवला पाहिजे असं मात्र वाटतं.

आणि एक पूर्ण वेगळाच रस्ता या चित्रात नव्हता. मिशिगनमध्ये १८९५ साली एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आल्ड्रेड वॉर्थिन या पॅथॉलॉजिस्टना सांगितलं की माझ्या घरात सगळे कॅन्सरने जातात, मीही लवकर जाणार, आणि ती खरंच तरुणपणी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिननी १९१३ मध्ये ते कुटुंब लिहून ठेवलं, पुढे ओमाहाचे हेन्री लिंच यांनी अशी घराणी आयुष्यभर गोळा केली. १९९३ मध्ये वोगेलस्टाइन आणि फिनलंडचे अल्बर्ट द ला शापेल यांच्या गटाला अशा घराण्यांचं जीन दुसऱ्या गुणसूत्रावर असल्याचं कळलं, मग नेहमीची युक्ती, गाठीत दुसऱ्या गुणसूत्राचा कुठला बँड गायब होतो ते बघा. गायब काहीच नव्हतं. उलट जास्तीचे बँड! नॉर्मलमध्ये दोन असतील तर गाठीत नवीनच, वेगळ्या उंचीवर. पहिल्यांदा बघणाऱ्याला सॅम्पल बदललं असंच वाटलं असणार, मला तरी तेच वाटलं असतं. पण ते खरं होतं, या गाठींना डीएनए कॉपी करतानाच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून एक-दोन अक्षरंच पुन्हा पुन्हा येणाऱ्या जागांची लांबी बदलत राहते. त्याच वर्षी आणखी दोन अमेरिकन गटांनीही हेच बघितलं आणि वर्षाच्या शेवटी एमएसएच२ हे जीन सापडलं. सगळ्या कोलोरेक्टल कॅन्सरपैकी साधारण १५ टक्के या जातीचे, त्यांच्यात गुणसूत्रांचे मोठे तुकडे सहसा हरवत नाहीत. आज आमच्याकडे चार अँटिबॉडी लावून जी एमएमआर (डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा) टेस्ट होते ती याचीच, आणि २०१५ मध्ये हॉपकिन्सच्याच लोकांनी दाखवलं की याच गाठींवर इम्युनोथेरपी चालते, बाकीच्यांवर नाही.

किती वेळ लागतो याचाही अंदाज त्याच गटाने काढला, २००८ मध्ये, एकाच पेशंटची मूळ गाठ आणि पसरलेली गाठ यांच्यातली म्युटेशन मोजून. मोठ्या पॉलिपपासून पुढे गेलेल्या कॅन्सरपर्यंत साधारण १७ वर्षं, आणि तिथून पसरायची ताकद यायला दोनपेक्षा कमी. पहिला आकडा दिलासा देणारा आहे, त्या १७ वर्षांत एकदा जरी कोलोनोस्कोपी झाली तरी पॉलिप काढता येतो, अमेरिकेत १४१८ पेशंटच्या अभ्यासात पॉलिप काढल्याने पुढचे कॅन्सर ७६ ते ९० टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९३ मध्ये छापून आलंय. आपल्याकडे सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची, आतड्याची नाही, हा आजार इथे तुलनेने कमी आहे म्हणून. त्यामुळे आमच्या टेबलावर एकटा पॉलिप क्वचित येतो, येतो तो थेट रिसेक्शनचा, म्हणजे ऑपरेशनने कापून काढलेल्या आतड्याचा, तुकडा. जिन्याचा शेवटचा कठडाच फक्त.

रॅसवर परत येते, कारण माझा ब्लॉक त्याच्यासाठीच होता. सेटुक्सिमॅब हे औषध पेशीच्या बाहेरचं बटण बंद करून धरतं, त्या बटणाचं नाव ईजीएफआर. केरॅस त्याच तारेवर आतल्या बाजूला. आतलंच बटण चालू होऊन अडकलं असेल तर बाहेरचं बंद करून उपयोग काय? २००८ मध्ये हे आकड्यात आलं, केरॅस नॉर्मल असलेल्यांचं मध्यम आयुष्य औषधाने ४.८ वरून ९.५ महिने, बिघडलेल्यांमध्ये ४.६ आणि ४.५, म्हणजे काहीच नाही, वर अंगभर पुरळ आणि लाखांत बिल. म्हणून औषधाच्या आधी टेस्ट. ९ टक्के, ५८ टक्के, ४७ टक्के असं ज्या बदलाचं १९८८ मध्ये कुतूहल म्हणून मोजमाप झालं, त्याच्यावर आज काउंटरवरच्या माणसाचा खर्च ठरतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या केसच्या सगळ्या स्लाइडी ट्रेमध्ये लावल्या. एकूण अकरा. मॅडमनी एकेक बघितली आणि सातव्या स्लाइडवर मार्करने निळा गोल काढला, ग्रंथी गच्च एकमेकींना चिकटलेल्या, मधे नेक्रोसिस, म्हणजे मेलेला भाग, कमी. "साठ टक्के तरी आहे इथे," म्हणाल्या. मी तो ब्लॉक काढला, स्लाइड त्याच्यावर उलटी धरून गोल जुळवला, ब्लेडने गोलाबाहेरचं मेण खरवडून टाकलं, वरची दोन-तीन सेक्शन फेकली, मग दहा चांगली घेतली, शेवटची परत एच अँड ई या नेहमीच्या रंगाने रंगवून बघितली, गाठ होती. गोठवलेला तुकडा नव्हता, मेणातला होता, पण काम तेच.

नऊ दिवसांनी रिपोर्ट आला, केरॅस म्युटेशन आहे, कोडॉन १२, म्हणजे बारावी जागा, ग्लायसिनच्या जागी अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड. सेटुक्सिमॅब बाद. मुलगा आला, पाकीट उघडून उभ्या उभ्या वाचलं, इंग्रजीतलं "डिटेक्टेड" त्याला कळलं पण पुढचं नाही. "ताई, हे चांगलं की वाईट?" मी म्हटलं, हे सरांना दाखवा, आजच ओपीडी आहे, एक वाजेपर्यंत असतात.